एका प्याद्याभोवती बांधलेली तयारी: भांडुपच्या एका खेळाडूचा पांढऱ्याचा रेपर्टवार

भांडुपला राहणारी, माटुंग्याच्या कॉलेजात अकरावीला असलेली, माझ्या बुद्धिबळाच्या क्लासातली मुलगी. फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचं, रेटिंग साडेपंधराशेच्या आसपास. मार्च २०२४ मध्ये फिडेनं रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून १४०० वर नेली, तेव्हापासून या आकड्याला पूर्वीइतका भाव राहिलेला नाही. तरी नवशिक्याचा आकडा हा नव्हे. तिला डावपेच दिसतात, एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, बरा आहे. अडचण वेगळीच होती. काळ्या सोंगट्या मिळाल्या की ती गुण घेऊन यायची आणि पांढऱ्या मिळाल्या की हरून.

पहिली चाल आपली असूनही निकाल वाईट लागत असतील तर दोष बहुधा ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींच्या, तयारीत असतो, आणि तयारी कमी असणं हा त्यातला एकच प्रकार. तिची तयारी, म्हणजे रेपर्टवार (खेळायच्या ठरवून ठेवलेल्या ओपनिंग), उलट जास्तच होती.

(चाली वाचायची खूण: ए ते एच उभ्या रांगा, १ ते ८ आडव्या; × म्हणजे मारणं; आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल.) काळ्यानं ती दोनच बचाव खेळायची: ई४ ला कारो-कान, डी४ ला स्लाव्ह. दोन्हीकडे सी६-डी५, म्हणजे प्याद्यांचा सांगाडा जवळपास तोच. पांढऱ्याचं चित्र निराळं, समोरच्याच्या प्रत्येक बचावाला वेगळं उत्तर. ई५ ला स्पॅनिश, सिसिलियनला ओपन सिसिलियन, फ्रेंचला ३.घोडा सी३, कारो-कानला ॲडव्हान्स, पिर्कला ऑस्ट्रियन हल्ला. काही आधीच्या क्लासातून आलेलं, काही व्हिडिओ बघून उचललेलं. यातली एकही चाल वाईट नाही. जगातले अव्वल खेळाडू याच खेळतात. पण ओपन सिसिलियन ही एक ओपनिंग नव्हेच. नाजडॉर्फ, ड्रॅगन, स्वेश्निकोव्ह, तैमानोव्ह, कान अशी ती वेगवेगळी घराणी आहेत. काळा त्यातलं एक निवडतो आणि वर्षानुवर्षं तेच घोटतो. पांढऱ्याला मात्र सगळी यावी लागतात.

मुंबईच्या ओपन स्पर्धांत समोर बरेचदा दहा-बारा वर्षांचा पोरगा बसतो. पाय जमिनीला टेकत नाहीत, पण नाजडॉर्फच्या पंधरा चाली तो पाणी पिता पिता खेळून मोकळा होतो. आमची मुलगी नवव्या-दहाव्या चालीला थांबायची, आठवायची, घड्याळाकडे बघायची. ९० मिनिटांच्या डावात अर्धा तास तिथेच जायचा. पुढे स्थिती बरी असली तरी वेळ नसायचा.

तिचे वडील बेस्टमध्ये कंडक्टर. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा वर्ल्ड कप जिंकल्यापासून घरात बुद्धिबळाचा विषय रोजचा झालेला. ते एकदा क्लासवर आले आणि म्हणाले, "सर, कुणीतरी दोन-तीन ऑनलाइन कोर्स सुचवलेत. किंमत बघून पोटात गोळा आला. पण लागणारच असतील तर सांगा, बघतो मी." मी म्हटलं, "इतक्यात नको. तिच्या जुन्या स्कोअरशीट घेऊन या आधी."

स्कोअरशीटचे ढीग

क्लासिकल डावात चाली लिहाव्याच लागतात, त्यामुळे कार्बनच्या प्रती घरी एका पिशवीत साठलेल्या होत्या. तिनं त्या माझ्यासमोर बसून बचावानुसार लावल्या. सिसिलियनचा ढीग सगळ्यात उंच. त्याखाली कारो-कान, मग ई५, मग फ्रेंच. स्कँडिनेव्हियनचा ढीग आमच्या अंदाजापेक्षा जाड निघाला. पिर्क, पेट्रॉफ आणि अलेखाइन मिळून जेमतेम मूठभर कागद.

एवढ्यानं निम्मं काम झालं. कोणता बचाव लोकप्रिय आहे हे ग्रँडमास्टरांच्या डेटाबेसवरून ठरवायचं नसतं. आपल्यासमोर कोण बसतं ते महत्त्वाचं. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटच्या ओपनिंग एक्स्प्लोररमध्ये रेटिंगच्या पट्ट्यानुसार डाव गाळता येतात, तेही बघितलं. क्रम थोडाफार तसाच आला.

मग प्रत्येक कागदावर तिला एकच गोष्ट लिहायला सांगितली: डावात कुठल्या क्षणी "आता मला कळतंय काय करायचं" असं वाटलं? बऱ्याच कागदांवर काहीच लिहिलं गेलं नाही. जिथे लिहिलं गेलं त्यातल्या काही डावांत मात्र गंमत होती. कुठल्या ना कुठल्या गडबडीतून तिचं डी४ वर एकटं प्यादं उरलं होतं, सी आणि ई दोन्ही रांगांतली शेजारची प्यादी गेलेली, आणि अशा डावांत तिचे घोडे-उंट भराभर बाहेर पडून राजावर चालून गेले होते. आयसोलेटेड पॉन. पुस्तकं त्याला कमजोरी म्हणतात, आणि एंडगेममध्ये ती कमजोरी असतेच. पण मिडलगेममध्ये तेच प्यादं घोड्याला ई५ चा चौक देतं, दोन्ही उंटांना मोकळ्या तिरक्या देतं, आणि योग्य वेळी डी५ ला सरकलं तर काळ्याची मांडणी उधळून लावतं. या मुलीचा पिंड हल्ल्याचा आणि पाठांतराचा कंटाळा. तिला हे मानवणारच.

तेव्हा प्रश्न असा मांडला: प्रत्येक बचावाला सर्वोत्तम उत्तर कोणतं, हा विचारच सोडून दिला तर? कोणत्या उत्तरांतून हे एक प्यादं वारंवार पटावर येतं, ते शोधायचं.

काय जुळलं

सिसिलियनला अलापिन: १.ई४ सी५ २.सी३. सेम्यॉन अलापिनच्या नावाची ही चाल, आणि एव्हगेनी स्वेश्निकोव्ह आयुष्यभर तिचा पुरस्कर्ता होता. ज्याच्या नावावर सिसिलियनची एक धारदार शाखा आहे तोच माणूस पांढऱ्यानं दुसऱ्याच चालीला ओपन सिसिलियन टाळायचा, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. काळ्याची दोन खरी उत्तरं. पहिलं २...डी५ ३.ई×डी५ वजीर×डी५ ४.डी४. एरवी वजीर इतक्या लवकर बाहेर आला की घोडा सी३ ला येऊन त्याला हुसकतो. इथे सी३ वर आपलंच प्यादं बसलेलं, म्हणून वजीर डी५ ला ऐटीत राहतो. काळ्यानं सी×डी४ केलं, सी×डी४ नं उत्तर दिलं, की सी३ रिकामं होतं, घोड्याला वाट मिळते आणि आपलं लाडकं एकटं प्यादं तयार. म्हणून जाणता काळा ही मारामारी लांबवतो आणि अजाणता काळा चौथ्याच चालीला करून टाकतो. साडेपंधराशेच्या पातळीवर दुसरा प्रकार जास्त भेटतो.

दुसरं उत्तर २...घोडा एफ६ ३.ई५ घोडा डी५ ४.डी४ सी×डी४ ५.घोडा एफ३ घोडा सी६ ६.सी×डी४ डी६ ७.उंट सी४ घोडा बी६ ८.उंट बी५ डी×ई५ ९.घोडा×ई५ उंट डी७. इथे १०.घोडा×डी७ वजीर×डी७ झालं की प्याद्यांकडे बघा: पांढऱ्याचं डी४ एकटं, काळ्याचं ई-प्यादं जागेवर. वाट निराळी, घर तेच.

कारो-कानला पॅनोव्ह: १.ई४ सी६ २.डी४ डी५ ३.ई×डी५ सी×डी५ ४.सी४. बोटविनिकनं १९३३ मध्ये फ्लोरविरुद्धच्या सामन्यात हे शस्त्र वापरलं आणि आज ते पॅनोव्ह-बोटविनिक अशा दोघांच्या नावांनी ओळखलं जातं. ही गोष्ट तिला काळ्या बाजूनं माहीत होती. तिला स्वतःला पॅनोव्हविरुद्ध खेळायचा राग यायचा. आपल्याला ज्याचा राग येतो ते दुसऱ्यालाही छळणार, एवढा हिशेब पुरला.

स्कँडिनेव्हियनमध्ये तर फुकटचा लाभ झाला. १.ई४ डी५ २.ई×डी५ घोडा एफ६ ३.सी४ सी६ ला ४.डी×सी६ मारून प्यादं खायचा मोह होतो, पण घोडा×सी६ नंतर काळ्याचा खेळ फुलतो. त्याऐवजी ४.डी४ सी×डी५ केलं की थेट पॅनोव्हची स्थिती. नवा कागद लागतच नाही. ३...ई६ चा गँबिट (प्यादं देऊन खेळ मोकळा करायची चाल) तेवढा वेगळा बघून ठेवला. २...वजीर×डी५ खेळणाऱ्यांना ३.घोडा सी३, मग डी४, घोडा एफ३, उंट सी४. तिथे एकटं प्यादं येत नाही. न येवो, चाली सरळ आहेत.

ई५ ला इटालियन: १.ई४ ई५ २.घोडा एफ३ घोडा सी६ ३.उंट सी४ उंट सी५ ४.सी३ घोडा एफ६ ५.डी४ ई×डी४ ६.सी×डी४. काळ्यानं बरोबर खेळलं तर ६...उंट बी४ शह ७.उंट डी२ उंट×डी२ ८.घोडा×डी२, म्हणजे बी१ चा घोडा, आणि मग ८...डी५ ९.ई×डी५ घोडा×डी५. पुन्हा डी४ वर एकटं प्यादं. आणि काळ्यानं ६...उंट बी६ अशी मुकाट माघार घेतली तर डी५, ई५ करत मधली प्यादी त्याच्या घोड्यांना पिटाळत सुटतात.

फ्रेंचवर अडलं

इतकं जुळल्यावर तिला चेव आला. फ्रेंचलाही तेच हवं म्हणाली: ३.ई×डी५ ई×डी५ ४.सी४, म्हणजे माँटे कार्लो प्रकार. "सर, डी×सी४ उंट×सी४, झालं ना एकटं प्यादं? पाचही बचाव एकाच सूत्रात!" मला ते पटत नव्हतं. पण नुसतं नाही म्हणून भागत नाही. या वयाच्या मुलांना पटावर दाखवावं लागतं.

दोन पट शेजारी मांडले. डावीकडे पॅनोव्हमधलं एकटं प्यादं, उजवीकडे फ्रेंचमधलं. पांढऱ्याची प्यादी दोन्हीकडे हुबेहूब सारखी. मग तिला म्हटलं, आता काळ्याची बघ. डावीकडे काळ्याकडे ई-प्यादं आहे, सी नाही. ते बहुधा ई६ ला बसतं, सी८ च्या उंटाची तिरकी अडवतं, आणि ई-रांग फक्त आपल्या हत्तीला मोकळी असते. ई६ आणि एफ७ वर मोहरा झोकून देण्याचे सगळे डावपेच त्या ई६ मुळे संभवतात. उजवीकडे काळ्याकडे सी-प्यादं आहे, ई नाही. त्याचा उंट पहिल्या दिवसापासून मोकळा. ई-रांग दोघांनाही उघडी, म्हणजे हत्तींची अदलाबदल आलीच. वर सी६ खेळून तो डी५ च्या चौकाला प्याद्याचा टेकू देऊ शकतो, आणि तो चौक घोड्यानं अडवला की आपलं प्यादं तिथल्या तिथे गोठतं.

ती बराच वेळ दोन्ही पट बघत बसली. मग तिनंच विचारलं, "म्हणजे इटालियनमध्येपण उजवीकडचंच येतं ना?" बरोबर. तिथेही काळ्याकडे सी-प्यादं उरतं. इटालियन आम्ही तरीही ठेवलं, कारण ९...घोडा×डी५ पर्यंत अचूक पोचणारे या पातळीवर कमी आणि वाटेत घसरणारे पुष्कळ. पोचलाच कोणी तर १०.वजीर बी३ घोडा सी-ई७, दोन्हीकडे कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल), समान स्थिती. बिघडत काही नाही. फ्रेंचमध्ये मात्र काळ्याला घसरायला वाटच नाही. शिवाय फ्रेंच खेळणारा माणूस कोंडलेल्या उंटासह जगायला तयार होऊन आलेला असतो. त्याचा तो उंट तिसऱ्या चालीला आपणच मोकळा करून द्यायचा, हा शुद्ध दानधर्म झाला.

निकाल लावला तो दुसऱ्याच एका गोष्टीनं. अलापिनमध्ये काळा २...ई६ खेळला, ३.डी४ डी५ ४.ई५ झालं, की ती फ्रेंच ॲडव्हान्सचीच स्थिती असते: १.ई४ ई६ २.डी४ डी५ ३.ई५ सी५ ४.सी३. चालींचा क्रम तेवढा वेगळा. म्हणजे अलापिन खेळणाऱ्याला ॲडव्हान्स शिकणं तसंही भाग होतं. मग फ्रेंचला तेच का नको? डी४ ला टेकू देत राहणं, वजीर बी६ आणि घोडा एफ५ च्या दाबाखाली शांत राहणं, हे तिला थोडं परकं होतं. पण एकाच अभ्यासात दोन बचाव निघत होते. माँटे कार्लो गेलं. तिचा चेहरा उतरला होता, खोटं कशाला सांगू.

उरलेल्यांवर फार वेळ घालवला नाही. पेट्रॉफला ३.घोडा×ई५ डी६ ४.घोडा एफ३ घोडा×ई४ ५.डी४. टू नाइट्सला, म्हणजे इटालियनमध्ये ३...घोडा एफ६ ला, साधं ४.डी३. पिर्कला घोडा सी३, घोडा एफ३, उंट ई२, कॅसलिंग, बस्स. अलेखाइनला २.ई५ घोडा डी५ ३.डी४ डी६ ४.घोडा एफ३. मूठभर कागदांसाठी मूठभर चाली.

पाठ काय करायचं

चाली थोड्या, आणि प्रत्येक फाइलच्या शेवटी मराठीत एक वाक्य, हा नियम ठेवला. लिचेसच्या एका स्टडीत, म्हणजे चालींच्या ऑनलाइन वहीत, ६४ प्रकरणं मावतात. एवढ्यातच सगळं बसवायचं, दुसरी स्टडी उघडायची नाही. भांडुप ते माटुंगा धीम्या लोकलमध्ये एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातात मोबाइल, अशा अवस्थेत जे उघडून वाचता येत नाही ते नको. दहाव्या चालीच्या आसपास फाइल संपते आणि खाली असं काही लिहिलेलं: "उंट डी३, घोडा ई५, हत्ती ई१ वरून ई३. उंट-घोडे बदलू नकोस. डी५ ची संधी प्रत्येक चालीला बघ."

खरी मेहनत दोन नमुना डावांवर झाली. एक, फिलाडेल्फिया, १० फेब्रुवारी १९९६: डीप ब्लू विरुद्ध कास्पारोव्ह, पहिला डाव. विद्यमान जगज्जेत्याला क्लासिकल वेळेच्या डावात संगणकानं हरवण्याची ती पहिली वेळ, आणि ओपनिंग होती २.सी३. दहाव्या चालीपर्यंत डी४ वर एकटं प्यादं आणि २३ व्या चालीला डी५. प्यादं देऊन टाकलं, आणि कास्पारोव्हची फाटलेली राजाची बाजू उघडी पडली. दुसरा डाव मुद्दाम उलट्या बाजूचा: मेरानो १९८१, जगज्जेतेपदाच्या लढतीतला नववा डाव, कोर्चनोय पांढरा, कार्पोव्ह काळा. हलके मोहरे बदलत बदलत कार्पोव्हनं वजीर आणि हत्ती त्या एकट्या प्याद्यामागे लावले आणि ते कसं मरतं ते दाखवून दिलं. हा दुसरा डाव तिला आवडला नाही. म्हणून तो जास्त वेळा मांडला.

क्लासमधल्या पोरांबरोबर त्याच स्थितीतून, दहाव्या चालीपासून, आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी रॅपिड डाव खेळवले. स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या संगणक-प्रोग्रॅमला पहिले काही आठवडे हात लावू दिला नाही. तो अलापिनला जवळजवळ शून्य, म्हणजे दोघंही समान, दाखवतो, आणि शून्य बघितलं की मुलं खट्टू होतात. साडेपंधराशेला स्थिती समान आहे की किंचित बरी, यापेक्षा पुढची चाल कोणाला सुचते याला महत्त्व असतं.

पटावर

पुढच्या ओपनमध्ये तसाच एक चिमुरडा समोर आला. १.ई४ सी५ २.सी३. पोरानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. नाजडॉर्फची तयारी वाया गेली होती. २...डी५ ३.ई×डी५ वजीर×डी५ ४.डी४ सी×डी४ ५.सी×डी४ घोडा सी६ ६.घोडा एफ३ उंट जी४ ७.घोडा सी३ वजीर ए५ ८.डी५ घोडा ई५. त्याला वाटलं एफ३ चा घोडा वजिरापायी जखडलेला आहे. ९.घोडा×ई५! उंट×डी१ १०.उंट बी५ शह. आता १०...वजीर×बी५ शिवाय धड उत्तर नाही, ११.घोडा×बी५ ला डी१ चा उंटही लटकतोय आणि सी७ ला घोड्याचा शहही येतोय. पांढरा एक मोहरा वर. हे तिनं पाठ केलेलं नव्हतं. डी५ ची संधी प्रत्येक चालीला बघायची, एवढंच लिहिलेलं होतं.

त्याच स्पर्धेतला दुसरा डाव वयस्कर गृहस्थांशी. त्यांनी २...घोडा एफ६ खेळलं, शांतपणे उंट बदलला, मग घोडा, मग दुसरा घोडा. तिनं प्रत्येक वेळी मारलं, कारण मारणं सोपं होतं. तिसाव्या चालीच्या आसपास उरले हत्ती-वजीर आणि डी४ वरचं अनाथ प्यादं. ते पडलं, डावही गेला. डाव संपल्यावर काका तिला म्हणाले, "बाळ, ते प्यादं घेऊन बसायचं असेल तर घोडे विकायचे नाहीत." मी महिनाभर जे सांगत होतो ते त्यांच्या तोंडून एका वाक्यात तिच्या डोक्यात शिरलं. क्लासच्या मास्तराच्या नशिबी हे असतंच.

आता पांढऱ्यानं ती हरतच नाही असं नाही. पण दहाव्या चालीला घड्याळात वेळ असतो, आणि हरलेल्या डावाचं कारण तिला माझ्याआधी सांगता येतं. वडिलांनी कोर्स घेतला नाही. त्या पैशांतून नाशिकच्या एका स्पर्धेची एंट्री फी आणि दोघांची राहण्याची सोय झाली.

दोन गोष्टी अजून बाकी आहेत. अलापिनमध्ये २...घोडा एफ६ खेळून ६...डी६ ऐवजी ६...ई६ करणाऱ्यांसाठी तिची फाइल पातळ आहे. जाणती मंडळी आता तेच खेळू लागलीत, कारण तिचे डाव ऑनलाइन सापडतात. आणि इटालियनमधलं ते उजव्या पटावरचं प्यादं. रेटिंग वाढलं की समोरचे नवव्या चालीपर्यंत नीट पोचतील, तेव्हा ५.डी४ ऐवजी ५.डी३ चा संथ खेळ शिकावा लागेल. ती म्हणते अठराशे झाल्यावर बघू. मी म्हणतो दिवाळीच्या सुट्टीत.